सही सगळे करतात, बोलत कोणी नाही

पत्र थोडक्यात: रबाळे एमआयडीसीत रेझिन बनवणाऱ्या एका कारखान्यात या वाचक दीड वर्षापासून सेफ्टी ऑफिसर आहेत. माणसं साधारण दीडशे, त्यांतली निम्म्याहून जास्त कंत्राटी. दर शनिवारी दुपारी तीन वाजता त्या कॅन्टीनमध्ये तासाभराची सुरक्षा बैठक घेतात. प्रोजेक्टर, चाळीसेक स्लाइड, शेवटी शपथ आणि रजिस्टरवर सह्या. गेल्या महिन्यात कॉस्टिक लायच्या (कॉस्टिक सोड्याच्या दाहक द्रावणाच्या) पंपाचा फ्लँज, म्हणजे पाइपचा बोल्टने आवळलेला सांधा, उघडताना एका हेल्परच्या डोळ्यात लाय उडाली. गॉगल होता, पण कपाळावर चढवलेला. डोळा वाचला, उपचार अजून चालू आहेत. त्या लिहितात, "गॉगल घाला हे मी तीन बैठकांत सांगितलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी. बैठकीत सगळे मान डोलावतात, काही विचारलं तर खाली बघतात. बरेच ऑपरेटर माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत, तेही 'हो मॅडम' म्हणून निघून जातात. प्लांट मॅनेजर म्हणतात, फोटो काढून ग्रुपवर टाका, झालं. आता दंड सुरू करू, की अपघात न झालेल्या महिन्याला बक्षीस ठेवू? की मलाच माणसं सांभाळता येत नाहीत?"

तुमच्या पत्रातला एक प्रश्न मला सापडला नाही, आणि सगळ्यात आधी तोच विचारावासा वाटतो. त्या मुलाने गॉगल कपाळावर का चढवला होता, हे त्याला कोणी विचारलं का? जाब म्हणून नव्हे, खरंच माहीत करून घ्यायचं म्हणून.

कारण गॉगल कपाळावर जातो त्याला बहुतेक वेळा साधं कारण असतं. आपल्याकडच्या दमट हवेत, त्यातही मे-जूनमध्ये, बंद गॉगलच्या काचेवर दोन मिनिटांत वाफ धरते. वाकून, पाना लावून, घट्ट बसलेला नट सोडवताना घाम येतो आणि समोरचं दिसेनासं होतं. मग माणूस गॉगल वर करतो. त्याला बोल्ट दिसायला हवा असतो आणि बोल्ट दिसणं हेही सुरक्षेचंच काम आहे. नंबरचा चष्मा असेल तर त्यावर गॉगल बसत नाही. कधी स्टोअरमध्ये एकच माप असतं, कधी पट्टा सैल पडलेला असतो. यातलं कोणतं कारण होतं, हे त्या मुलाला माहीत आहे, त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या फिटरला माहीत आहे, कदाचित अख्ख्या शिफ्टला माहीत आहे. बैठकीत ते कोणी बोललं नाही, कारण बैठक त्यासाठी नव्हतीच. ती सांगण्यासाठी होती.

म्हणून घडा पालथा आहे, असं मला वाटत नाही. तुम्ही माणसांना काय माहीत नाही ते सांगायला जाता. त्यांना काय माहीत आहे ते ऐकायला सुरक्षा बैठक भरवायची असते. एवढा एक बदल मनाशी पक्का केलात तर जागा, वेळ, विषय, रजिस्टर हे सगळं त्यामागोमाग बदलत जाईल.

वेळेपासून सुरू करू. शनिवारी दुपारी तीन. तुमच्याकडे सात-तीन, तीन-अकरा, अकरा-सात अशा शिफ्ट असतील, तर तीन वाजता पहिल्या शिफ्टची माणसं घरी निघालेली असतात आणि दुसरी शिफ्ट चार्ज घेत असते. एकाला बस किंवा रबाळे स्टेशनवरून ट्रेन पकडायची आहे, दुसऱ्याला रिअ‍ॅक्टरचं तापमान कुठे आहे ते समजून घ्यायचं आहे. दोघांचंही लक्ष घड्याळाकडे. रात्रपाळी तर यात येतच नाही, आणि रात्री मदतीला माणसं सगळ्यात कमी असतात. शिवाय सुटल्यावर थांबवलेल्या कंत्राटी कामगाराच्या त्या तासाचे पैसे कोण देतं, हे एकदा तपासून पाहा. देत नसेल तर तो तुमची बैठक ऐकत नाही, ती सुटायची वाट बघतो. त्यात त्याची चूक नाही.

आता हिशेब करा. महिन्याचे चार शनिवार, प्रत्येकी साठ मिनिटं, म्हणजे २४० मिनिटं. रोज शिफ्ट सुरू होताना दहा मिनिटं घेतलीत तर पंचवीस दिवसांची २५० मिनिटं होतात. कंपनीचा वेळ तेवढाच जातो. पण त्या दहा मिनिटांत ज्या कामाबद्दल बोललात ते काम पुढच्या अर्ध्या तासात हातात येणार असतं. शनिवारी ऐकलेलं बुधवारी आठवत बसावं लागत नाही. तिन्ही शिफ्टना तुम्ही स्वतः पुरणार नाही आणि पुरूही नये. ही दहा मिनिटं शिफ्ट इन्चार्जची आहेत. तुम्ही त्यांना तयार करा आणि आठवड्यातून दोनदा नुसत्या शेजारी उभ्या राहा, त्यातली एक वेळ रात्री अकराची असू द्या.

जागा कॅन्टीन नको. जिथे काम आहे तिथे उभं राहा. फक्त ब्लोअर किंवा पंपाच्या आवाजापासून थोडं लांब, हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागणार नाही इतकं. माणसं आठ ते बारा. पंधराच्या पुढे गेलात की मागची रांग मोबाईल काढते आणि पुढची गप्प बसते. गोल उभं करा, शाळेच्या रांगेसारखं नको. आणि स्लाइड इंग्रजीत असतील तर त्या आजच बंद करा. तुमच्या हेल्परांपैकी बरेच जण हिंदी किंवा ओडिया बोलणारे असणार. ज्या भाषेत ते एकमेकांना "हट, हट" म्हणून ओरडतात, त्याच भाषेत धोका समजतो. एखादा ओडिया ऑपरेटर दोन वाक्यं आपल्या भाषेत सांगू शकला तर ती तुमच्या वीस स्लाइडवर भारी पडतील.

विषय कुठून आणायचा? इंटरनेटवरून मुळीच नाही. आदल्या संध्याकाळी परमिटचं (कामाच्या लेखी परवानगीचं) बुक आणि शिफ्टची लॉगबुक उघडा. उद्या कोणती लाइन उघडणार, कुठे वेल्डिंग आहे, कोणत्या टाकीत माणूस उतरणार, टँकर किती वाजता येणार, हे तिथे लिहिलेलं असतं. त्यातलं एक काम निवडा. एकच. "आज सुरक्षेबद्दल बोलू" असं म्हटलं की कोणाकडेच बोलायला काही नसतं. "आज लायच्या पंपाचा सील बदलायचाय" म्हटलं की प्रत्येकाकडे काहीतरी असतं.

उदाहरणासाठी तुमचाच पंप घेऊ. सकाळी सात वाजून पाच मिनिटं. पहिलं मिनिट कालच्या मुद्द्याचं: काल काय मागितलं होतं, ते आलं की नाही. मग काम. वयाने मोठ्या फिटरकाकांना आदल्या दिवशीच बाजूला गाठून सांगून ठेवा, "काका, उद्या या फ्लँजबद्दल तुम्हीच सांगा, तुमच्याएवढा तो कोणी उघडलेला नाही." सर्वांसमोर अचानक विचारलंत तर अनुभवी माणूस चुकायला घाबरतो, पत राखायला गप्प बसतो. ठरवून विचारलंत तर तोच तुमचा आधार होतो. सकाळी प्रश्न एवढाच: "शेवटचा उघडला तेव्हा काय झालं होतं?" आणि मग थांबा. मनात दहापर्यंत आकडे मोजा. ही शांतता फार जड वाटते, आणि नव्या अधिकाऱ्याचं इथेच बिनसतं: तिसऱ्या सेकंदाला तो अधिकारी स्वतःच उत्तर देऊन टाकतो. एकदा असं झालं की पुढच्या प्रत्येक बैठकीत माणसं तुमच्या उत्तराची वाट बघतात.

काका बोलायला लागले की काय निघेल? दाबाचा गेज शून्य दाखवत होता तरी लाय आली, हे निघेल. कारण गेजची बारीक नळी जमलेल्या लायने चोंदली की काटा शून्यावरच बसून राहतो. सक्शनचा, म्हणजे पंपात लाय येते त्या बाजूचा, व्हॉल्व्ह पासिंग आहे, बंद केला तरी थेंब थेंब येतच राहतो, हे निघेल. ड्रेन प्लग गंजलाय म्हणून कोणी खोलत नाही आणि पंपाच्या पोटात लाय तशीच राहते, हेही निघेल. डिस्चार्जचा, म्हणजे पंपातून लाय बाहेर नेणारा, पाइप दोन इंची असेल आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या (लाय मागे येऊ न देणाऱ्या झडपेच्या) वर सहा मीटर उभा चढत असेल, तर त्यात बारा-तेरा लिटर लाय अडकलेली असते. व्हॉल्व्हच्या वरचा फ्लँज सोडला की ती खाली येणार, गेज काहीही दाखवो. ही माहिती चाळीस स्लाइडमध्ये नसते, काकांच्या डोक्यात असते. बैठकीमुळे ती सगळ्यांची होते.

मग पद्धत ठरवा, तीही त्यांच्याकडून. पंपाची वीज पॅनलवर बंद, कुलूप आणि टॅग, किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद, ड्रेन आणि व्हेंट (हवा सुटायचं तोंड) उघडून पाण्याने फ्लश. ड्रेनमधून काहीच येत नसेल तर लाइन रिकामी आहे असं धरायचं नाही, ड्रेन चोंदलाय असं धरायचं. फ्लँज सोडताना अंगापासून लांबचा बोल्ट आधी सैल करायचा. एकही नट पूर्ण काढायचा नाही. फट पडली की जे काही आत आहे ते पलीकडे उडू द्यायचं. गॉगल आणि त्यावर फेस शील्ड, दोन्ही. नुसत्या शील्डच्या खालून लाय आत येते.

इथे एक गोष्ट प्रत्यक्ष करून बघा. गॉगल मागवा, एकाला घालायला लावा आणि दोन मिनिटं पाना फिरवू द्या. काचेवर वाफ धरली तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत धरेल. "गॉगल घाला" या सूचनेत काय कमी होतं, ते त्या दोन मिनिटांत प्लांट मॅनेजरलाही कळेल. मग वाफ न धरणारे गॉगल दोन-तीन प्रकारचे, नमुन्याला चार-पाच नग मागवा. आठवडाभर तीच माणसं वापरून बघू देत, त्यांनी निवडलेले घ्या. स्वतः निवडलेला गॉगल कपाळावर कमी जातो.

शेवटचा प्रश्न "समजलं का?" हा नको. त्याचं उत्तर कायम "हो"च असतं. "करून दाखव" म्हणा. नव्या हेल्परला सांगा, डोळे मिटून इथून आयवॉशपर्यंत, म्हणजे डोळे धुवायच्या नळापर्यंत, जाऊन दाखव, बाकीचे बरोबर राहतील. लाय डोळ्यात गेली की डोळा उघडत नाही, त्यामुळे वाट पायांना माहीत हवी. अंतर दहा सेकंदांत कापता येण्याइतकं हवं आणि मध्ये ड्रम नकोत. आणि तो नळ उघडून बघा. आपल्याकडे आयवॉशचं पाणी गच्चीवरच्या टाकीतून, उन्हात तापलेल्या पाइपातून येतं. मे महिन्यात दुपारी ते इतकं गरम असतं की त्यात कोणी डोळा धरूच शकत नाही. निदान पंधरा मिनिटं धुवायचं, कॉस्टिक असेल तर त्याहून जास्त, असं आपण शिकवतो, पण चटका बसणाऱ्या पाण्यात माणूस पंधरा सेकंदही उभा राहत नाही. हे ऑपरेटरना माहीत असतं. कोणी विचारलेलं नसतं इतकंच. पाइपला इन्सुलेशन, टाकीवर सावली आणि आठवड्यातून एकदा गढूळ पाणी जाईपर्यंत नळ सोडणं, हे तीन उपाय फार महाग नाहीत. जाता जाता हेही सांगून ठेवा की लायवर उतारा म्हणून व्हिनेगर किंवा कसलंही आम्ल डोळ्यात घालायचं नाही, फक्त पाणी, आणि धुऊन झाल्यावर थेट दवाखाना.

आता रजिस्टर. सह्यांचं रजिस्टर माणूस हजर होता एवढंच सांगतं. अपघातानंतर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा अधिकारी आला आणि "या कामाचा धोका बैठकीत कोणी बोलला होता का, मग तुम्ही काय केलंत?" असं त्याने विचारलं, तर शंभर सह्या तुमच्या उपयोगी पडणार नाहीत. सही ठेवा, पण तिच्याआधी चार रकाने आखा: काय निघालं, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत, झालं का. हेच चार रकाने शिफ्टच्या दारात पांढऱ्या फळ्यावर, सगळ्यांना दिसतील असे. फळ्यावर मुद्दा मांडणाऱ्याचं नाव लिहू नका. कंत्राटी हेल्पर का बोलत नाही याचं पहिलं कारण, उद्यापासून ठेकेदार "येऊ नकोस" म्हणेल ही भीती आहे. ठेकेदाराच्या सुपरवायझरलाही गोलात उभं करा आणि मुद्दा काढला म्हणून कोणालाही बदलायचं नाही, हे त्याच्यासमोर मॅनेजरच्या तोंडून वदवून घ्या. तुमच्या तोंडून नको, त्याला तेवढं वजन येत नाही.

पहिल्या पंधरा दिवसांत मुद्दाम सोप्या गोष्टी उचला, चोवीस तासांत होण्यासारख्या. जळालेला दिवा, सैल जाळी, पायवाटेवर पडून राहणारी पॅलेट. माणसं बघत असतात: बोललो तर काही होतं का? पहिल्या तीन मुद्द्यांपैकी दोन दुसऱ्या दिवशी झालेले दिसले की तोंडावरचं कुलूप आपोआप सैल होतं. जे होणार नाही ते का होणार नाही आणि कधीपर्यंत होईल, हेही फळ्यावर लिहा. खरा नकार माणसं स्वीकारतात. लोंबकळत ठेवलेलं मात्र विसरत नाहीत.

पगार, बोनस, कॅन्टीनची डाळ हेही निघेल. ते अडवू नका आणि त्यात वाहूनही जाऊ नका. वेगळ्या पानावर लिहून घ्या, एचआरकडे द्या आणि उत्तर कधी मिळेल ते सांगा. मात्र "काल डबल ड्युटी केली" ही तक्रार एचआरच्या पानावर ढकलू नका. सोळा तास जागा असलेला माणूस लाय उघडत असेल, तर तो तुमचाच विषय आहे.

दंडाबद्दल तुम्ही सरळ विचारलंत, म्हणून सरळ सांगते: नको. वेतनातून दंड कापायला कायद्याच्या मर्यादा आहेत हा एक भाग. खरं नुकसान दुसरंच आहे. दंड लागला की गॉगल तुम्ही दिसल्यावर खाली येतो आणि तुम्ही वळल्यावर वर जातो. अपघात न झालेल्या महिन्याचं बक्षीसही मला तितकंच घातक वाटतं. महिन्याच्या अठ्ठाविसाव्या दिवशी बोट चेमटलं तर सगळ्या शिफ्टचं बक्षीस जाणार, मग तो माणूस फडकं गुंडाळतो आणि घराजवळच्या डॉक्टरकडे जातो. फळ्यावर शून्य राहतं आणि ते बोट उद्या कुठे चेमटणार, हे कळायची तुमची संधी जाते. थोडक्यात टळलेल्या घटना कळवणाऱ्याला बक्षीस हा मार्ग बरा वाटतो, पण त्यात कोटा ठेवलात तर महिनाअखेरीला "बुटाची नाडी सुटलेली होती" अशा चिठ्ठ्यांचा ढीग येईल. कळवलेल्या गोष्टीचं पुढे काय झालं, ते कळवणाऱ्याला स्वतः जाऊन सांगणं, याहून चांगलं बक्षीस मला माहीत नाही.

मॅनेजरना फोटो हवा आहे, तर फोटो द्या. माणसांच्या रांगेचा नको. आधीचा गंजलेला ड्रेन प्लग आणि नंतरचा नवा, असे दोन फोटो. त्याबरोबर दर सोमवारी तीन आकडे: किती मुद्दे निघाले, किती मिटले, पंधरा दिवसांहून जुने किती राहिले. तिसरा आकडा वाढत गेला की ते स्वतःच विचारतील. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं गोलात येऊन फक्त ऐकायला सांगा. भाषण केलं तर ती पाच मिनिटं वाया गेली असं समजा.

तुमच्या हातात कायद्याचा एक धागाही आहे, आणि ग्रुपवरच्या फोटोपेक्षा तो बळकट आहे. भोपाळच्या १९८४च्या वायुकांडानंतर, १९८७ साली कारखाने कायद्यात ४१-ग हे कलम आलं. धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यात सुरक्षा समिती हवी आणि तिच्यात व्यवस्थापनाचे जितके, तितकेच कामगारांचे प्रतिनिधी हवेत, असं ते सांगायचं. कृत्रिम रेझिनचा उद्योग धोकादायक प्रक्रियांच्या यादीत होता. त्याच्या पुढच्याच कलमाने, जिवाला तातडीचा धोका दिसला तर तो थेट वरिष्ठांच्या नजरेला आणून देण्याचा हक्क कामगाराला दिला. नोव्हेंबर २०२५मध्ये त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली, तिच्यातही समितीची तरतूद आहे. तेव्हा रोजच्या दहा मिनिटांत न सुटणारे, पैसे लागणारे मुद्दे समितीपुढे न्या. समिती निदान तीन महिन्यांतून एकदा बसायला हवी, इतिवृत्तासह. तुमच्यासारख्या ठिकाणी मी ती दरमहा बसवली असती. कामगारांचे प्रतिनिधी कामगारांनीच निवडू द्या, आणि कंत्राटी माणसांनाही तिथे बोलवा. समितीचं प्रशिक्षण हवं असेल तर राष्ट्रीय सुरक्षा परिषद तुमच्यापासून लांब नाही, सीबीडी बेलापूरलाच आहे. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन तिच्याच स्थापनेच्या दिवशी पाळतात. पोस्टर आणि शपथ त्या आठवड्यापुरती राहू द्या.

डोंबिवलीत मे २०१६ला आणि पुन्हा मे २०२४ला रासायनिक कारखान्यांत स्फोट होऊन काय झालं, ते आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या प्रत्येक प्लांटच्या माणसाला माहीत आहे. तुमची तळमळ त्यातूनच आलेली असणार, हे पत्रातून जाणवतं. माणसं सांभाळता येत नाहीत, असं स्वतःला लावून घेऊ नका. दीड वर्ष दर शनिवारी न चुकता उभं राहणाऱ्या व्यक्तीला माणसांची काळजी आहे, आणि ते त्यांनाही कळत असतं.

एक राहिलं. तो मुलगा कामावर परतेल तेव्हा पहिल्या दिवशी त्याला सगळ्यांसमोर उभं करून "याच्याकडून शिका" असं म्हणू नका. त्याच्यावर सगळं खापर फुटलं, असंच त्याला वाटेल. त्याला एकट्याला घेऊन त्या पंपापाशी जा आणि विचारा, तुला त्या वेळी काय दिसत नव्हतं? तो जे सांगेल ते फळ्यावर पहिल्या ओळीत लिहा, नाव न घालता, पुढे तारीख घालून.